चाळीस वाक्यं

त्या रविवारी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या लॅपटॉपसमोर बसले.

"आवाज द्यायचाय, फोटो नाही काढायचाय," आई म्हणाली.

"तू... गप्प बस. आवाजाला... कळतं."

अर्धांगवायूनंतर बाबा शब्दाशब्दाला थांबत. आमची कंपनी बोलण्यावर चालणारं यंत्र बनवते. दिवा लाव, दार उघड म्हटलं की ते करतं. हात न चालणाऱ्यांना त्याचा मोठा आधार, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. यंत्राला शिकवायला माणसांचे आवाज लागतात, म्हणून बाबांनी चाळीस वाक्यं वाचली. इतरांना पाच मिनिटं लागतात, त्यांना पाऊण तास लागला. मध्ये आईने पाणी पुढे केलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

दुपारी मी वाक्यं तपासली. मध्ये एका सेकंदाहून जास्त शांतता आली तर वाक्य बाद, हा नियम. तो मीच लिहिला होता. फार वेळ वाट पाहणारं यंत्र मठ्ठ वाटतं, गिऱ्हाईक वैतागतं, हे सगळ्यांच्या गळी मीच उतरवलं होतं. चाळीसच्या चाळीस बाद झाली. घरचा माणूस म्हणून नियम वाकवायचा नाही, याचा मला तेव्हा थोडा ताठाही होता.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "घेतला का... माझा आवाज?"

"घेतला की, बाबा. एकदम पास."

"ऐकलंस?" ते आईला म्हणाले. "शाळेत... कधी झालो नाही... एकदम."

सकाळी चहाला हाक मारली, तर ते उठले नाहीत.

बाद वाक्यं महिन्याने आपोआप पुसली जातात. मी कामावर परतले तेव्हा महिना उलटून गेला होता.

काल चाचणीसाठी एक बाई आल्या. चाकाच्या खुर्चीत होत्या, बोलणं सावकाश. त्यांनी "दार..." म्हणून श्वास घेतला की यंत्र म्हणे, "माफ करा, समजलं नाही." असं सहा वेळा झालं.

"याला... माझ्या सासूबाईंनी... शिकवलंय का हो?" त्या म्हणाल्या. हसायचं की नाही, कुणाला कळेना.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "असे आवाज आपल्याकडे आलेच नाहीत, तर ते शिकणार कुठून? अहवालात तेवढं लिहा. पुढच्या महिन्यात बाजारात आणायचंच आहे."

अहवाल मी लिहिणार होते. पेन हातात होतं आणि बाई माझ्याकडे बघत होत्या.

"आले होते," मी म्हणाले. "चाळीस वाक्यं आली होती. माझ्या बाबांची. ती मी बाद केली, आणि घेतली म्हणून त्यांना खोटं सांगितलं."