एका वाक्याचं काम

"अजून एकदा!" दिग्दर्शक साहेब मॉनिटरमागून ओरडले.

अकरावा टेक. मी पफ घेऊन धावलो. मेकअपवाल्याचं ते कामच, पण पावडर लावताना मावशींच्या गालाची थरथर बोटांना लागली आणि साहेबांचा असा संताप आला! चाळीस वर्षं रंगभूमी गाजवलेली बाई. काय चुकतंय ते तरी सांगा! ते नाही. नुसतं 'अजून एकदा'.

प्रसंग साधा. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर सांगतो, मुलगा वाचला नाही, आई कोसळते. मावशींचं कोसळणं साहेबांना पटत नव्हतं. आज जमलं नाही तर उद्या दुसरी बाई येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींनाही.

त्यात डॉक्टर झालेला नट दुसऱ्या शूटिंगला निघून गेला. "एका वाक्याचं तर काम आहे," म्हणत साहेबांनी स्वतःच पांढरा कोट चढवला.

दिवे लागले आणि साहेबांची बोबडीच वळली. दुसऱ्या वेळी वाक्य आठवलं, तर हातांचं काय करावं ते कळेना. तिसऱ्या वेळी अडखळले आणि सवयीने स्वतःच ओरडले, "कट!" सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"काय चुकतंय माझं?" त्यांनी कॅमेरामनला विचारलं.

"काय माहीत. अजून एकदा करा."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. मावशी हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे बघून बोल रे. भिंतीला काय सांगतोस?"

ते मावशींजवळ गेले. "मावशी, तुमचं कुठे अडतंय? मी कधी विचारलंच नाही."

"तू सांगतोस आणि मी लगेच कोसळायचं. अरे, मला ते आधी खरं तर वाटू दे!"

"मग नका कोसळू. तुम्हाला वाटेल ते करा."

कॅमेरा सुरू झाला. साहेब मावशींच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "आई, तो वाचला नाही." मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सकाळपासून उभे आहात डॉक्टर. दमला असाल, बसा." त्यांनी खुर्ची ओढली आणि तिची पाठ धरून तशाच उभ्या राहिल्या. साहेब 'कट' म्हणायचं विसरले. शेवटी कॅमेरामनच म्हणाला.

साहेबांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "उद्याच्या बाईंना कळवा, येऊ नका म्हणून."

मावशींनी ते ऐकलं. त्याच खुर्चीत बसल्या, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडल्या. कॅमेरा तेव्हा बंद होता.