सतरा नंबरची खाच

समुद्रात दीड हजार मीटर खाली, जिथे उजेड पोचत नाही आणि पाणी हाडं गोठवणारं असतं, तिथे हा मासा राहतो. राहतो म्हणजे पडून असतो. तोंड उघडं ठेवायचं आणि आपल्या पायाने कुणी आत आलं की मिटायचं, एवढाच उद्योग. हाडं नावाला, बाकी सगळं लिबलिबीत. पाण्याबाहेर काढला की नाक-डोळे खाली ओघळतात. संग्रहालयाच्या तळघरात असे एकेचाळीस मासे स्पिरिटच्या बरण्यांत होते. तिथले काका त्यांना 'संचालक' म्हणायचे. अर्थात खरे संचालक आसपास नसताना.

काका एकोणीस वर्षं रोजंदारीवर. बरणीतलं स्पिरिट उडालं की भरायचं, झाकणं आवळायची आणि प्रत्येक माशाला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधायची. नियम असा की दोरा कल्ल्यातून ओवून तोंडातून काढायचा. पण याचा कल्ला सुई लागली की फाटायचा. नियम लिहिणाऱ्याने असला मासा हातात धरलाच नव्हता. म्हणून काका आपल्या अकलेने दोरा मानेभोवती सैलसर बांधायचे. एकदा सुती दोरा संपला. मागणीचा अर्ज सहा महिने टेबलाटेबलांवर फिरत राहिला. शेवटी काकांनी बायकोच्या शिवणातला नायलॉनचा दोरा आणून सतरा नंबरला बांधला. जरा घट्टच बसला.

अकरा वर्षांनी एक डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या नव्हे, माशांच्या. सतरा नंबरच्या मानेभोवती त्यांना गोल खाच दिसली, बाकी चाळिसांना नाही. बाईंनी जाहीर केलं, ही नवी जात आहे. तीन देशांतल्या तज्ज्ञांनी माना डोलावल्या. संचालकांनी नवा कोट शिवला. तळघर बंद करायचा ठराव गुंडाळला गेला आणि त्या लाटेत काकांना कायम करायची फाइलसुद्धा हलली.

फक्त एक कागद उरला. नमुना ज्याच्या ताब्यात, त्याने सही करायची: 'नमुन्यात माझ्याकडून कोणताही बदल झालेला नाही.' सोबत खाचेचा फोटो होता. काकांनी फोटो पाहिला आणि कागद तसाच घरी नेला.

"सही करा आणि गप बसा," बायको म्हणाली. "मेलाय तो. त्याला काय फरक पडतो?"

"पण ते खोटं आहे गं."

"एकोणीस वर्षं रोज सांगताय, पुढच्या महिन्यात कायम करणार. ते खरं होतं होय?"

सकाळी काका डॉक्टरबाईंकडे गेले.

"बाई, ती खाच माझ्या दोऱ्याची आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "फोटोसाठी तो दोरा मीच कापला, काका. रुतला होता."

"मग?"

"मला वाटलं, खाच होती म्हणून दोरा तिथे बसला."

"आणि आता काय वाटतं?"

"आता छापायला गेलंय."

"त्या तज्ज्ञांनी मासा बघितला का?"

"फोटो बघितला."

दोघं संचालकांपुढे उभे राहिले. संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं शिक्षण किती?"

"नववी."

"मग खाच कशाने पडली हे तुम्ही कसं ठरवणार?"

"दोरा मी बांधलाय, साहेब."

"रजिस्टरला नोंद आहे?"

"नाही."

"मग बांधलेला नाही." त्यांनी पेन पुढे सरकवलं. "आणि बांधला असेल, तर ती नमुन्याची नासधूस झाली. घरी बसावं लागेल. बघा, काय परवडतं."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. खिडकीबाहेर भिंत होती. शिकलेली माणसं भिंतीकडेसुद्धा काय एकाग्रतेने बघतात.

काकांनी पेन उचललं. पण इतकी वर्षं ज्याला चिमट्याने न दुखवता उचललं, त्याच्या नावावर हे ढोंग खपवायला हात धजेना. त्यांनी छापील ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: 'दोरा मी बांधला. घट्ट बांधला. खाच त्याची आहे.' सही ठोकली. तारीख घातली.

संचालक ओरडले नाहीत. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले, नवा कागद काढला आणि फाटकावरच्या वॉचमनला बोलावलं. हा गडी वासाने मळमळतं म्हणून तळघराची पायरी कधी उतरला नव्हता.

"कसला मासा, साहेब?" सही करता करता त्याने विचारलं.

"नवीन," संचालक म्हणाले.

नमुना ज्याच्या ताब्यात त्याचीच सही हवी, म्हणून वॉचमन मागच्या तारखेपासून तळघराचा प्रमुख झाला. कायम. काकांना घरी बसवलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं, म्हणून त्यांना फाटकावर टाकलं. रोजंदारीवरच.

बायको आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी "फाटकावर ऊन लागतं का?" एवढंच विचारलं.

डॉक्टरबाई आता मोठ्या झाल्यात. रोज दहाला येतात, काकांकडे न बघता घाईघाईने आत शिरू पाहतात. काका हात आडवा घालतात.

"पास."

"काका, तुम्ही मला ओळखता."

"नोंद लागते, बाई."

बाई पर्स उपसतात. काका पास घेतात, फोटो बघतात, मग बाईंचा चेहरा बघतात. मागे रांग लागते. पुन्हा फोटो, पुन्हा चेहरा. मग पास परत देतात आणि आत सोडतात.