सायरन वाजला अन् तिनं मला ओढलं

मी शेंगांची हातगाडी बोलतेय. त्या दिवशी आमाला चोराच्या मोटारीनं न्हाय, पोलिसांच्या जीपनं उडवलं. घसा फोडून सांगतेय, पण लाकडा-लोखंडाचं कोण खरं मानतंय?

धाराशिवच्या एका वेल्डरनं मला जोडलं. शांताक्कानं मला टेम्पोत घालून येरमाळ्याच्या अलीकडं, एका फाट्यावर आणलं. तिला ना नवरा, ना लेकरू. बोलायची ती माझ्याशीच.

"चल गं भवाने, नवरीवानी काय अडतीस?"

शेजारचा पंक्चरवाला बिभीषण हसायचा. "अक्का, गाडीला पण शिव्या?"

"मग तुला देऊ व्हय?"

मोठ्या साहेबाचा ताफा यायचा असला की सायरन वाजायचा अन् पोलीस आमाला रस्त्याच्या कडेवरनं हुसकायचे. एकदा उशीर झाला, तर एकानं लाथ घालून मला उलथवलं. उकडलेल्या शेंगा सगळ्या नालीत. तवापासून सायरन ऐकला की अक्का आधी मला मागं ओढायची.

त्या मंगळवारी फाट्यावरच्या भर आठवडी बाजारात सायरन वाजला. ताफा नव्हताच. पुढं चोरटा गुटखा नेणारी मोटार, मागं पोलिसांची जीप, दोन्ही बेफाम. माणसं वाट फुटंल तिकडं पळाली.

"अक्का, सोड ती गाडी! पळ!" बिभीषण ओरडला.

माझं चाक खड्ड्यात रुतलेलं. ती ओढतच राहिली. मोटारीला गाठायला जीप डावीकडनं कडेवर घुसली. मोटार निसटली, सापडलो आमी दोघी. अक्का जागीच गेली.

अरे, मोटारीचा नंबर दिसत होता की! गुटखा उद्या धरला असता. अक्का कुठनं आणणार?

बिभीषण त्या दिवशी "जीपनंच मारलं" म्हणाला. ठाण्यात जाऊन आला अन् "धुळीत काय दिसलं न्हाय" म्हणायला लागला. त्यालाबी लेकरं हायत, कळतंय मला.

आता मी ठाण्याच्या मागं पडलेय. चाकांतनं गवत वर आलंय. शेजारी तीच जीप, नवा बंपर लावून उभी. सायरन वाजला की अजून अंग आक्रसतं. पण मागं ओढणारं कुणी न्हाय. भवानी म्हणणारंबी न्हाय.

बायांनो, सायरन ऐकला तर गाडी तिथंच सोडा. उलथू द्या, लाथा खाऊ द्या. तुमी पळा.

काल जीपचा ड्रायव्हर माझ्यावरच रेलून चहा पीत होता. "सुटलो बाबा," सोबत्याला म्हणाला, "चौकशी मिटली."

"मग चूक कुणाची निघाली?"

"मधी आली तिची. ती शेंगावाली रे. काय तिचं नाव... शांताक्का."