एकविसावा नियम

एकोणीसशे सत्याऐंशीचा डिसेंबर. गोवा राज्य होऊन सात महिने झाले होते. डिचोलीच्या एका खाण कंपनीच्या कचेरीत पद्मावती मराठी टायपरायटरपुढे बसली होती, आणि विसावा नियम सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीत कसाबसा मावला होता. एकविसावा बाहेर राहिला.

"महादेवबाब, आनीक एक स्टेन्सिल लागतली," ती म्हणाली.

हेडक्लार्क महादेवबाबांनी चष्म्यावरून पाहिले. "खेळण्यातल्या विमानांक दोन स्टेन्सिलां? फाल्यां पतंगांक मागशी."

राज्य झाल्याच्या आनंदात कामगार क्लबाने मुळगावच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या खडकाळ पठारावर, तारेवरच्या जेट विमानांच्या वेगाची स्पर्धा ठेवली होती. हातभर लांबीचे विमान दोन पोलादी तारांना बांधलेले असते. उडवणारा मध्ये उभा राहून तारांची मूठ धरतो आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरते. नियमांचे इंग्रजी पुस्तक कंपनीच्या साहेबांनी कुठून तरी आणले होते. राजभाषेचा वाद तेव्हा घराघरात ताजा होता. नियमांचा कागद कोकणीत काढावा की मराठीत, यावर क्लबात दोन बैठका झाल्या, माणसे तावातावाने उठून गेली. शेवटी मराठी ठरले, कारण कचेरीतले मशीन मराठीचे होते.

पद्मावतीने मांडीवर डिक्शनरी घेऊन आठ दिवस तर्जुमा केला. तारा किती जाड असाव्यात, उडवण्याआधी त्या वजनकाट्याला लावून कशा ओढून पाहाव्यात, आठ फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. आणि सगळ्यांत कडक नियम असा की वेळ मोजत असताना मूठ धरलेला हात मध्यावरच्या खांबाच्या बेचक्यातच राहिला पाहिजे. हाताने तारा ओढून विमानाला जोर देता येतो, म्हणून हात उचलला की उड्डाण बाद.

एकविसावा नियम साधा होता. उडवणाऱ्याची चूक नसताना वाटेत काही आडवे आले, तर त्याने अर्ध्या तासात पंचाकडे मागणी करावी. दुसरे उड्डाण मिळेल. एवढ्या मोकळ्या सड्यावर आडवे काय येणार, असा विचार करून पद्मावतीने कागद मशीनमधून ओढून काढला.

ज्यांच्यासाठी हा कागद मराठीत काढायचा होता, त्यांत गोकुळदास पहिला. मुळगावचा, कंपनीच्या वर्कशॉपमधला फिटर, शिक्षण सातवी. तीन वर्षे खपून त्याने एका तोंडाला फुगीर, पुढे निमुळत्या पत्र्याच्या नळीचे इंजिन केले होते. आतल्या झडपांची पाती मोडक्या फीलर गेजमधून, फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांतून, कापली होती. इंजिन तो आपल्या कुळागरात, घरामागच्या पोफळीच्या बागेत, चालवून बघे, तेव्हा त्या आवाजाने शेजाऱ्यांच्या कोंबड्या दोन दिवस अंडी देत नसत. "म्हज्या घोवान नळयेकडेन लग्न केलां," असे त्याची बायको गंगा विहिरीवर सांगे आणि स्वतःच हसे. जिंकणारा नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. गोकुळदास जिंकला तर त्याला ड्रॉइंगच्या खात्यात घेतो, असे साहेब चारचौघांत बोलून गेले होते.

सगळे नियम तोंडपाठ म्हणून बेचक्याची पंच पद्मावतीलाच केले. तिने फक्त हात पाहायचा, विमानाकडे मान वळवायची नाही.

मडगावच्या कॉलेजातले सर्वेश मास्तर अठरा सेकंदांवर पहिले होते. गोकुळदास शेवटचा. इंजिन पेटले तेव्हा माणसांनी कान दाबले. पद्मावती हाताकडे बघत राहिली. तेलाने काळी झालेली नखे, मनगटावर फुगलेली शीर. वेळ मोजणारा फेऱ्या ओरडत होता. तीन. चार. पाच. सहा म्हटले आणि हात बेचक्यातून ताडकन वर गेला. तिने लाल निशाण उचलले.

मग मान वळवली. त्या आवाजाने बिथरून गावातल्या बाबली नावाच्या शेतकऱ्याची म्हैस दावे तोडून थेट रिंगणात घुसली होती. हात उचलला म्हणूनच विमान तिच्या शिंगांवरून वीतभर अंतराने गेले होते. पुढे ते खडकावर घासत थांबले, पण धड होते. सहा फेऱ्यांना साडेबारा सेकंद लागले होते. आठ फेऱ्यांना सतरासुद्धा लागले नसते, एवढा हिशेब सड्यावर सगळ्यांनाच येत होता.

"गोकुळदासा, बक्षीस म्हशीक दी रे," कोणीतरी म्हणाले. हशा झाला. बाबली बिचारा म्हशीला आणि स्वतःला एकदमच शिव्या देत होता.

गोकुळदास घडी घातलेला कागद घेऊन पद्मावतीकडे आला.

"पद्माबाय, आनीक एकदां सोडूंक मेळतलें काय? कागदार म्हाका कांय दिसना."

इंग्रजी पुस्तक तिच्या पर्समध्ये होते. पण शेजारी साहेब उभे होते, महादेवबाब होते, आणि कोकणी कागदासाठी भांडलेली क्लबातली मंडळीही होती. मराठीत कागद काढला आणि त्यातलाही एक नियम गिळला, हे आयुष्यभर ऐकावे लागले असते.

"कागदार ना जाल्यार ना," ती म्हणाली.

"बरें," तो म्हणाला, आणि फडक्याने पुसत पुसत तारा रिळाला गुंडाळू लागला. पद्मावती घड्याळ बघत राहिली. पाच मिनिटे झाली, मग वीस. त्यातल्या कुठल्याही मिनिटाला चार पावले चालून जाता आले असते. अर्धा तास सरला तेव्हा तिला आधी सुटल्यासारखे वाटले, आणि त्या वाटण्याचीच लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

सर्वेश मास्तर नागपूरला जाऊन चौथे आले. साहेबांची बदली झाली आणि ती स्पर्धा पुन्हा कधी भरली नाही. महादेवबाब निवृत्त होऊन मांद्र्याला लेकाकडे राहिले आणि तिथेच गेले. बाबलीने म्हैस विकली. कचेरीत कॉम्प्युटर आला, मराठी मशीन भंगारात गेले. पुढे खाणही बंद पडली. गोकुळदास शेवटपर्यंत फिटरच राहिला. डिचोलीच्या बाजारात भेटला की पद्मावतीची पिशवी स्टँडपर्यंत आणून देई. दर वेळी ती सांगायचे ठरवी, आणि दर वेळी बस येई.

तो गेल्यावर महिन्याभराने ती पुस्तक घेऊन मुळगावला गेली. गंगा कुळागरात पाणी शिंपत होती. पद्मावतीने एकविसाव्या नियमाचे पान उघडले आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले.

गंगाने पुस्तकाकडे पाहिलेसुद्धा नाही. "तें तांकां खबर आसलें, बाय. सर्वेश मास्तरान त्याच वर्सा नागपूरसावन येवन सांगिल्लें."

"मगीर म्हाका कित्याक कांय म्हणूंक ना?"

"हांवय तांकां तेंच विचारतालें. पूण ते म्हणटाले, तिच्या कागदार जागो नासलो. शेवटची ओळ पळय, कागदाच्या कडेक तेंकल्या."

पाट जिथे फुटत होता, तिथे पत्र्याची एक हातभर नळी आडवी टाकली होती. एका तोंडाला फुगीर, पुढे निमुळती, गंजून तांबडी झालेली. तिच्यातून पाणी आवाज न करता एका पोफळीच्या बुडाशी पडत होते. आळे भरले तशी गंगाने पायाने नळी जराशी सरकवली आणि पाणी पुढच्या झाडाला लावले.