कमरोद्दीनचाचांच्या चार बांगड्या

मस्तगडातल्या डॉक्टर गजाननरावांच्या हाताला गुण होता, पण जीभ मोठी तिखट! कमरोद्दीनचाचा मणियार दवाखान्यात आले की ती आणखीच तिखट व्हायची. चाचांना मधुमेह. त्यांची लघवी निळ्या औषधात घालून उकळली की नळीत विटकरी रंग, म्हणजे भरपूर साखर, ठरलेलीच.

"चाचा, साखर बंद करा म्हणून घसा कोरडा केला, चिठ्ठ्या लिहून दिल्या. तुम्हाला समजतं का न्हाई?" त्या दिवशी डॉक्टर कडाडले.

"जी साब, बराबर समजतं," चाचांनी मान खाली घातली. डॉक्टरांसमोर 'न्हाई समजलं' म्हणणं म्हणजे त्यांना बेअदबी वाटायची. "पण साब, डोळ्यांचं कायतरी करा. काल बांगड्या भरताना एका लेकीचा हात कापला. मला काच फुटलेली दिसलीच न्हाई! नजर गेली तर मणियारानं खायचं काय?"

डॉक्टरांचा राग जिथल्या तिथं विरला. हा रोग हळूच नजर खातो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण करावं काय, ते सुचेना.

तेवढ्यात नर्स शरयूबाई स्टूल ओढून चाचांजवळ बसल्या. "चाचा, सकाळपासून काय खाल्लं?"

"भाकरी, वरण, आन् दोनदा चहा."

"चहात काय घातलं?"

"गूळ! साखरेला तर बिलकुल हात लावत न्हाई. उलट कमजोरी नको म्हणून गूळ दुप्पट खाऊन राह्यलो."

"अरे देवा!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गूळ बंद, खजूर बंद, सगळं चिठ्ठीत लिहिलं व्हतं की!"

"वाचणार कोण, साब? मला येत न्हाई, माझ्या घरवालीला, ताहेराला बी येत न्हाई."

"रागावू नका, डॉक्टरसाहेब," शरयूबाई म्हणाल्या. "चाचांनी तर तुमचा शब्द इमानानं पाळला. 'समजलं का' विचारलं की माणूस आदबीनं 'जी' म्हणतो. 'काय समजलं' हे आपण कधी विचारलं?"

डॉक्टर ओशाळले. मग स्वतःवरच खो खो हसले. "चुकलं बुवा माझं! चाचा, उघडा तुमची बांगड्यांची पेटी."

पेटीतून चार बांगड्या निघाल्या: निळी, हिरवी, पिवळी, विटकरी. डॉक्टरांनी त्या दोऱ्यात ओवल्या, चाचांना नळी न् औषध दिलं आणि घरी लघवी कशी तपासायची ते करून दाखवलं. "नळीतला रंग या बांगड्यांशी ताडून बघा. निळा आला तर शाबास. हिरव्याला सांभाळा. पिवळा आला तर तोंडाला आवर घाला. विटकरी दिसला की जल्दी माझ्याकडं! आन् दुखत नसले तरी डोळे दाखवत राह्यचे. आता तुम्ही सांगा, काय समजलं?"

चाचांनी एकेका बांगडीवर बोट ठेवून सगळं बिनचूक सांगितलं. "रंगात मणियार चुकतो का, साब?"

चाचांनी गूळ सोडला, आणि पुढं महिन्याभरात नळी निळी दिसू लागली. चाचांच्या डोळ्यांपुढचं धुकं निवळलं, नजर शाबूत राहिली. मणियाराच्या हाती पुन्हा लेकीबाळींचे हात निर्धास्त येऊ लागले. आणि डॉक्टर? ते प्रत्येक रोग्याला आपल्या शेजारी बसवून ऐकू लागले!

मंडळी, ज्याला अक्षर येत नाही त्याला अक्कल नसते, असं समजू नका. सांगून मोकळं होणं सोपं आहे. पण समोरच्याला समजेपर्यंत त्याच्याजवळ बसणं, ही खरी दवा!