घंटी चारदा वाजवली

१९७४ सालचा पोळा. मी धरणाच्या कचेरीत टेलिप्रिंटरवर होतो आणि घरी पुरणपोळ्या झाल्या होत्या. खाण्याची एवढी घाई मला पुन्हा कधी झाली नाही.

डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता, खाली मात्र लख्ख ऊन. बारा वाजता धरणाची दारं उघडली. मी नदीकाठच्या चौकीला टाइप केलं: पाणी सोडलं, दोनपर्यंत पोचेल, नदी रिकामी करा. नियमानं अशा संदेशाआधी घंटीची कळ चारदा दाबायची. ती दाबली की तिकडे चौकीच्या व्हरांड्यात घंटी वाजे. पण तिथला शालिग्राम नेहमी माझ्यावर डाफरायचा, "घडीघडी घंटी काऊन वाजवतं बे? मी अठीच बसून राह्यलो ना!" म्हणून मी ती दाबली नाही. नुसती 'तू कोण?'ची कळ दाबली. लगेच चौकीचं नाव उमटून आलं. मी कागद फाडला आणि जेवायला गेलो.

ते नाव यंत्र आपोआप पाठवतं, समोर माणूस असो वा नसो. हे मला पक्कं माहीत होतं. शालिग्राम तेव्हा बैल धुवायला नदीवर होता. यंत्राची खोली बंद करून, शिपाई कडूबाला व्हरांड्यात बसवून तो सांगून गेला होता, "घंटी वाजली का मले हाक मार."

दोनला पाणी आलं. अकरा बैलजोड्या गेल्या, चार माणसं गेली. त्यात शालिग्राम होता.

चौकशीत मी सांगितलं, घंटी चारदा वाजवली. अक्षरं कागदावर उमटतात, घंटी उमटत नाही. कडूबा रडून सांगत होता, "नाही वाजली जी! म्या कान देऊन बसलो होतो." साहेबांनी लिहिलं, शिपाई झोपला होता. त्याची नोकरी गेली. खरं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, असलं काही मी म्हणणार नाही. मी भ्यालो होतो.

वर्षभरानं नांदुऱ्याच्या बाजारात कडूबा हमाली करताना दिसला. मला पाहून त्यानं पाठीवरचं पोतं खाली टेकवलं आणि हात जोडले.

"साहेब, तुमी वाजवली म्हणता, त वाजलीच असन. माह्याच डोळा लागला असन. शालिग्रामभाऊची माय मले इचारते, तिलेही आता मी तेच सांगतो."

मी पोतं उचलून पुन्हा त्याच्या पाठीवर दिलं.