प्रयागबाईंची लाइन

सरकारचा निर्णय चांगलाच होता, त्यात वाद नाही. परदेशी यंत्रं पुरे झाली. आपल्याच देशात बनलेलं, धुळीत नि उन्हात टिकणारं स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज गावोगाव बसवायचं, असं दिल्लीत ठरलं आणि सत्त्याऐंशी साली ते नागपूरजवळच्या खाप्यालाही आलं. कारखाने वाढले, फोन वाढले. खाप्याच्या ऑपरेटर प्रयागबाईंची बदली नागपूरला, सदर भागातल्या टेलिफोन ऑफिसात झाली. हार, नारळ, फोटो, सगळं रीतसर.

तोवर खाप्यात कुणी नंबर सांगतच नसे. फोन उचलायचा आणि माणसाचं नाव घ्यायचं. प्रयागबाई "थांबा, शोधते" म्हणत. डॉक्टर घरी नसले तर दवाखान्यात, तिथं नसले तर ते पत्ते कुटत बसत त्या दुकानात फोन लावून त्यांना गाठत. नव्या फोनमधून बारीक आवाज आला की नंबर कसा फिरवायचा, हे दाखवायला माणूस घरोघर आला खरा. पण दाखवलं कुणाला? घरच्या कर्त्या पुरुषाला. बायका आत चहा करत होत्या.

दिवाळीनंतर एका दुपारी खाप्याच्या कुसुमताई सदरला आल्या. त्यांचं मोकळं कपाळ पाहून प्रयागबाई खुर्चीतून उठल्या.

"ह्यायच्या छातीत दुखून राहिलं होतं," कुसुमताई म्हणाल्या. "मी फोन उचलला. म्हटलं, प्रयाग, डॉक्टरले शोध वं. अन् धरून बसली."

"ताई, मी तं इथं होती. तिथं आता मशीन आहे."

"बारीक आवाज येत होता ना. मले वाटलं, तू इथून शोधून राहिली. लाइन तुटंल म्हणून फोन ठेवला नाही, शेजारी गेली नाही. तू बोलली काहून नाही?"

बदली झाल्यापासून प्रयागबाईंना अधूनमधून वाटे, टेबलावरच्या फोनमधून कुणीतरी आपलं नाव घेतंय. घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

"अजूनही रोज उचलून राहिली मी," कुसुमताई म्हणाल्या. "तो आवाज तसाच येते."

प्रयागबाईंना रडू आवरेना. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी कुसुमताईंचा हात धरून त्यांचं बोट फोनच्या चकतीत घातलं. "असं फिरवायचं, ताई. लई सोपं आहे."

कुसुमताईंनी चकती फिरवून पाहिली. खरंच सोपं होतं.

"आता कोणाले लावू?" त्यांनी विचारलं.